मोतीबिंदू गेला, मोती राहिले

माझ्या आजीचा मोतीबिंदू 1970च्या दशकात निघाला, तेव्हा त्या जागी डोळ्यात काहीच बसवलं नव्हतं. तशीच रीत होती. पिकलेलं भिंग काढायचं, काही आठवडे डोळ्यावर हिरवी पट्टी, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, आणि जखम भरली की जाड काचांचा चष्मा. नंबर अधिक दहाच्या आसपास. त्या चष्म्यातून जग सुमारे पाव हिश्शाने मोठं दिसतं आणि तेवढंच जवळ सरकल्यासारखं वाटतं. चहाच्या कपाकडे गेलेला आजीचा हात कपाच्या अलीकडेच मिटायचा. अंगणाच्या पायऱ्या तिला फुगलेल्या दिसत. बाजूने येणारं माणूस मध्येच नाहीसं होई आणि एकदम पुढ्यात उभं राही, कारण अशा काचेच्या कडेला नजरेत एक आंधळा पट्टा पडतो. आम्हा पोरांना त्याची गंमत वाटायची. आजीने मात्र एकटीने घराबाहेर पडणं सोडलं, ते कायमचं.

माझ्या वडिलांचा मोतीबिंदू निघाला आणि आठवड्याभरात ते ओट्यावर बसून पेपर वाचू लागले. या दोन पिढ्यांमधलं अंतर मसुराच्या डाळीएवढ्या एका भिंगाचं आहे. ते भिंग माणसाच्या डोळ्यात पहिल्यांदा बसवलं गेलं 1949 मध्ये, म्हणजे आजीच्या शस्त्रक्रियेच्या वीसहून अधिक वर्षं आधी. मग एवढा उशीर का झाला?

याचं नेहमीचं उत्तर सगळीकडे वाचायला मिळतं: एक धाडसी डॉक्टर, त्याला हिणवणारे मोठमोठे सहकारी, आणि शेवटी त्याचा विजय. ही गोष्ट खरी आहे, पण अर्धी. उरलेल्या अर्ध्या गोष्टीत माणसांपेक्षा पेशींची कामगिरी मोठी आहे. डोळ्यात परकी वस्तू ठेवली की डोळा गप्प बसत नाही. तो काय म्हणतो ते समजून घ्यायला वैद्यकाला पन्नास वर्षं लागली.

*

ऑगस्ट 1940. ब्रिटनच्या आकाशात जर्मन विमानांशी झुंज चालू होती. हवाई दलाच्या 601 क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधला वैमानिक गॉर्डन क्लीव्हर याच्या हरिकेन विमानावर विंचेस्टरजवळ गोळ्या लागल्या आणि त्याच्या डोक्यावरचं पारदर्शक छत फुटलं. डोळ्यांवर गॉगल नव्हता. छताच्या ठिकऱ्या दोन्ही डोळ्यांत घुसल्या. तशा अवस्थेत त्याने विमान उलटं करून बाहेर उडी घेतली. जीव वाचला, उजवा डोळा गेला. चेहऱ्यावर आणि डोळ्यांवर मिळून पुढे 18 शस्त्रक्रिया झाल्या.

त्याला तपासणाऱ्यांत लंडनचे नेत्रतज्ज्ञ हॅरल्ड रिडली होते. विमानाचं छत काचेचं नसून पर्स्पेक्सचं, म्हणजे पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट या प्लास्टिकचं होतं. डोळ्यात गेलेले पर्स्पेक्सचे कण वर्षानुवर्षं तसेच राहिलेले रिडलींना दिसले. डोळा लाल नाही, सूज नाही, पू नाही. शरीर सहसा परक्या वस्तूला असं राहू देत नाही. काटा रुतला तर बोट दोन दिवसांत ठसठसतं, मग डोळ्यासारखा हळवा अवयव हे प्लास्टिक कसं सोसतो? रिडलींनी आणखी एक गोष्ट टिपून ठेवली. कणाची धारदार कड डोळ्याच्या हलत्या, नाजूक भागाला टेकत नसेल तरच ही शांतता टिकते. या कडेचा मुद्दा लक्षात ठेवा. पन्नास वर्षांनी तो उलट्या अंगाने परत येणार आहे.

युद्धानंतर सेंट थॉमस रुग्णालयात रिडली मोतीबिंदू काढत होते आणि एक विद्यार्थी शेजारी उभा राहून बघत होता. काढलेल्या भिंगाच्या जागी नवं भिंग का बसवत नाही, असं त्याने सहज विचारलं. शस्त्रक्रियेला सरावलेल्या माणसाच्या मनात न येणारा हा प्रश्न होता. रिडलींच्या मनात तो बहुधा आधीपासून घोळत असावा. पुढे लंडनच्या कॅव्हेंडिश स्क्वेअरमध्ये मोटारीत बसून त्यांनी रेनर या चष्म्याच्या कंपनीतल्या जॉन पाइक यांच्याशी बोलणं केलं. काच जड पडली असती, म्हणून पर्स्पेक्सच ठरलं. आयसीआय कंपनीच्या जॉन होल्ट यांनी डोळ्यासाठी खास शुद्ध केलेलं पर्स्पेक्स तयार करून दिलं. रिडलींनी भिंगाचं पेटंट घेतलं नाही.

29 नोव्हेंबर 1949 रोजी सेंट थॉमस रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. भिंग नीट बसतं याची खात्री करून त्या दिवशी ते काढून घेतलं आणि डोळा शांत झाल्यावर, 8 फेब्रुवारी 1950 रोजी, कायमचं बसवलं. रुग्ण स्त्रीला दिसू लागलं, पण भला मोठा वजा नंबर लागला. रिडलींनी निसर्गाच्या भिंगाचा गोलवा जसाच्या तसा उतरवला होता. पर्स्पेक्स मात्र प्रकाश अधिक वळवतं. ही चूक गणिताची होती आणि पुढच्या भिंगांत ती सुधारली. पेशींच्या बाजूचा हिशेब इतका सोपा निघाला नाही.

काही काळ हे काम गुप्त ठेवलं होतं. एक रुग्ण चुकून दुसऱ्या रिडलींच्या, फ्रेडरिक रिडलींच्या दवाखान्यात तपासायला गेला आणि गुपित फुटलं, असं सांगतात. जुलै 1951 मध्ये ऑक्सफर्डच्या नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत रिडलींनी आपले रुग्णच समोर आणून बसवले. त्या काळी ब्रिटिश नेत्रवैद्यकात सर स्ट्युअर्ट ड्यूक-एल्डर यांचा शब्द अखेरचा मानला जाई. त्यांनी त्या रुग्णांच्या डोळ्यांत डोकावून पाहायलाही नकार दिला. डोळ्यातून परकी वस्तू काढणं हे आमचं काम, घालणं नव्हे, ही त्या पिढीची श्रद्धा होती. त्या श्रद्धेला कारण होतं, हे मी मानतो. समोर बसलेला माणूस न पाहण्याला मात्र कोणतंच कारण पुरत नाही. ज्या विद्येचं सगळं बळ निरखून पाहण्यात आहे, तिच्या सर्वांत मोठ्या माणसाने पाहायला नकार द्यावा, याचं मला आजही दुःख होतं.

*

आता पेशींकडे येऊ.

रिडलींचं भिंग शंभर मिलिग्रॅमहून जड होतं आणि त्याला टेकू देणाऱ्या तारा नव्हत्या. नैसर्गिक भिंग ज्या पातळ पिशवीत असतं, तिचा पुढचा भाग काढून मागच्या भागावर ते ठेवायचं, एवढीच योजना होती. काही डोळ्यांत ते घसरून खाली गेलं. काही डोळे मात्र शस्त्रक्रियेनंतर लालबुंद होऊन सुजत आणि त्याचं कारण सापडेना. मागाहून कळलं की दोष भिंगाचा नव्हताच. जंतू मारण्यासाठी ते सेट्रिमाइडच्या द्रावणात बुडवत आणि त्या रसायनाचा अंश धुतल्यानंतरही भिंगावर राहून जाई. डोळ्याच्या पेशी त्याच्याशी झगडत होत्या. 1957च्या सुमारास फ्रेडरिक रिडलींनी कॉस्टिक सोड्याने निर्जंतुक करण्याची पद्धत सुचवली. तेच हे दुसरे रिडली, ज्यांच्या दारात गुपित फुटलं होतं. आडनाव तेच, नातं नाही.

भिंग मागे घसरतं तर पुढे बसवू, असा विचार 1952 पासून युरोपात अनेकांनी केला. फ्रान्समध्ये बारों, इटलीत स्ट्राम्पेली, जर्मनीत डानहाइम, स्पेनमध्ये बाराकेर यांनी पारपटल आणि परितारिका यांच्या मधल्या जागेत भिंगं बसवली. बाहेरून दिसणारा पारदर्शक भाग म्हणजे पारपटल आणि आपण ज्याला डोळ्याचा रंग म्हणतो ती परितारिका. शस्त्रक्रिया सोपी झाली आणि पहिल्या काही महिन्यांत रुग्ण खूश होते. मग एकेक डोळा धुरकट होत गेला.

पारपटलाच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच थर असतो. फरसबंदीसारख्या बसवलेल्या या षटकोनी पेशी रात्रंदिवस पारपटलातलं पाणी उपसून बाहेर टाकतात, म्हणून ते काचेसारखं स्वच्छ राहतं. माणसाच्या डोळ्यात या पेशी पुन्हा वाढत नाहीत. एक मेली की शेजारणी पसरून तिची जागा झाकतात. जन्मभराची शिदोरी एकदाच बांधून मिळालेली असते. समोर बसवलेल्या भिंगाची कड श्वासागणिक, पापणीगणिक या थराला घासत राहिली तर शिदोरी झपाट्याने संपते. पेशींची संख्या एका मर्यादेखाली गेली की उपसा थांबतो, पारपटल पाण्याने फुगतं, पांढरं पडतं. बाराकेर यांना आपणच बसवलेली भिंगं मोठ्या संख्येने परत काढावी लागली. काही भिंगांना नायलॉनचे हात होते. ते डोळ्यातल्या द्रवात काही वर्षांत विरून गेले आणि भिंग सुटं झालं. पर्स्पेक्सला डोळ्याने सोसलं, नायलॉनला गिळून टाकलं.

त्या शल्यविशारदांना दोष देण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. त्यांना या पेशी दिसतच नव्हत्या. जिवंत डोळ्यातल्या या थराची छायाचित्रं घेणारं सूक्ष्मदर्शक डेव्हिड मॉरिस यांनी 1968 मध्ये मांडलं आणि दवाखान्यात ते 1970च्या दशकाच्या मध्यात पोचलं. 1977 मध्ये अमेरिकेत हर्बर्ट कॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की शस्त्रक्रियेच्या वेळी पर्स्पेक्स या थराला नुसतं टेकलं, तरी दोन्ही चिकटतात, आणि भिंग सरकलं की पेशी सोलून निघतात. एका स्पर्शात शेकडो पेशी! यावर उपाय अनपेक्षित ठिकाणाहून आला. कोंबड्याच्या तुऱ्यातून काढलेलं हायल्युरोनिक आम्लाचं दाट, पारदर्शक जेल एंड्रे बालाझ यांनी तयार केलं आणि 1980च्या सुमारास शस्त्रक्रियेत ते डोळ्यात भरलं जाऊ लागलं. भिंग आणि पेशी यांच्यामध्ये ओलसर गादी आली. आज मोतीबिंदूच्या टेबलावर हे जेल नसेल तर कोणी सर्जन चाकू हातात घेणार नाही.

दरम्यान हॉलंडमधल्या टर्न्यूझन गावी कॉर्नेलिस बिंकहोर्स्ट परितारिकेवर चिमट्यासारखं अडकणारं भिंग वापरत होते. सोव्हिएत रशियात चेबोक्सारी शहरात स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी 1960 मध्ये एका शाळकरी मुलीच्या डोळ्यात भिंग बसवलं आणि त्यापायी नोकरी गमावली. यान वोर्स्ट यांनी खेकड्याच्या नांगीसारखं परितारिकेला धरणारं भिंग केलं. अमृतसरचे डॉ. दलजित सिंग यांनी ते आपल्या देशात रुजवलं. या सगळ्यांत बिंकहोर्स्ट यांनी लावलेला शोध मला सर्वांत मोलाचा वाटतो. जिथे भिंगाची पिशवी डोळ्यात शिल्लक ठेवली होती, तिथे ती पिशवी भिंगाच्या तारांभोवती आपणहून घट्ट आवळली गेली होती. टाका नाही, चिमटा नाही, पेशींनीच भिंग बांधून टाकलं होतं. 1965 पासून त्यांनी याच तत्त्वावरची भिंगं वापरली. पेशींचा विरोध सोसायचा की त्यांची मदत घ्यायची, हा प्रश्न पहिल्यांदा असा समोर आला.

पुढची पावलं भराभर पडली. चार्ल्स केल्मन यांनी 1967 मध्ये ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याची रीत आणली, 1977 मध्ये स्टीव्हन शियरिंग यांनी लवचिक तारांचं भिंग परितारिकेच्या मागे बसवलं. 1980च्या दशकात भिंग पुन्हा तिथेच आलं, जिथे रिडलींनी ते पहिल्या दिवशी ठेवलं होतं: मूळ भिंगाच्या जागी, त्याच्याच पिशवीत. आणि मग मोती दिसू लागले.

*

मोतीबिंदू हा आपला शब्द किती नेमका आहे! बाहुलीत मोत्याएवढा पांढरा ठिपका दिसतो म्हणून मोतीबिंदू. पण मी ज्या मोत्यांबद्दल बोलतो आहे, ते मोतीबिंदू निघून गेल्यावर येतात.

आपलं नैसर्गिक भिंग एका पारदर्शक पिशवीत असतं. तिच्या पुढच्या भिंतीला आतून पेशींचा एक थर चिकटलेला असतो. कडेच्या पेशी आयुष्यभर विभागत राहतात, लांबट होतात, आतलं केंद्रक टाकून देतात आणि भिंगाचे पारदर्शक तंतू बनतात. गर्भात असल्यापासून त्या एवढं एकच काम करत आलेल्या असतात. मोतीबिंदू काढताना सर्जन भिंगाचा गर काढतो, पिशवी ठेवतो. पिशवीच्या कडेला काही पेशी राहतातच, कितीही घासलं तरी. आणि राहिलेल्या पेशी दुसऱ्याच दिवसापासून आपलं जुनं काम सुरू करतात. नवं भिंग घडवू लागतात.

हे जुन्यांना ठाऊक होतं. 1827 मध्ये पॅरिसमध्ये कॉक्तो आणि लरुआ-देत्योल यांनी सशाच्या डोळ्यातलं भिंग काढलं तेव्हा पिशवीत पुन्हा भिंगासारखं काहीतरी वाढलेलं त्यांना आढळलं. 1828 मध्ये जर्मनीच्या झ्योमरिंग यांनी मोतीबिंदू काढलेल्या माणसांचे डोळे मरणोत्तर तपासले आणि पिशवीच्या कडेने वाढलेलं पांढुरकं कडं वर्णन केलं. ते आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिर्शबर्ग आणि एल्श्निग यांनी बाहुलीमागे जमणाऱ्या फुगीर, गोल, चकाकत्या पेशींच्या घोसांची नोंद केली. त्यांना नाव पडलं एल्श्निगचे मोती. पाणपालीसारखे काही प्राणी भिंग गमावलं तर नवं, पूर्ण पारदर्शक भिंग बनवू शकतात. आपल्या पेशींना ते साधत नाही. तंतू ओळीत लावायला जी बंद, भरलेली पिशवी लागते ती आता फाटलेली असते. म्हणून तंतूऐवजी मोती बनतात. या मोत्यांत मला रोग दिसत नाही. एका इमानी कारागिराचं फसलेलं काम दिसतं.

पण त्याचा परिणाम गंभीर होता. काही पेशी मोती बनतात, तर पुढच्या भिंतीजवळच्या काही वेगळं वळण घेतात. जखमेची हाक म्हणून शरीरात टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन सुटतं. ते मिळालं की या पेशी जखम भरणाऱ्या पेशींसारखं वागू लागतात, आकुंचन पावतात, पांढरे धागे विणतात आणि पिशवीला सुरकुत्या पाडतात. दोन्ही जातीच्या पेशी पिशवीच्या मागच्या भिंतीवर सरकत आल्या की नजर पुन्हा धूसर होते. 1980च्या दशकात चारांपैकी एकाला, काही ठिकाणी दोघांपैकी एकाला हे होत होतं. लहान मुलांत तर जवळपास प्रत्येकाला. रिडलींच्या पहिल्या रुग्णांतही हीच अडचण आली होती.

भिंगाच्या पृष्ठभागावर आणखी एक नाट्य चालू होतं. अमेरिकेत ॲन आर्बरच्या राइमर वोल्टर यांनी 1980च्या आसपास डोळ्यातून काढलेली भिंगं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तेव्हा वर्षानुवर्षं शांत असलेल्या डोळ्यांतल्या भिंगांवरही पेशींचं पातळ आवरण निघालं. रक्तातून आलेल्या भक्षक पेशी पहिल्या काही दिवसांत भिंगावर उतरतात. वस्तू गिळता येत नाही असं दिसलं की त्या एकमेकींत मिसळतात आणि अनेक केंद्रकांची एक विशाल पेशी होते. ती भिंगाला बिलगून महिनोन्महिने बसून राहते. बहुतेक डोळ्यांत ती त्रास देत नाही. रिडलींना क्लीव्हरच्या डोळ्यात जी शांतता वाटली, ती अशी जागती शांतता असते. पर्स्पेक्स निष्क्रिय आहे, डोळा त्याची दखल घेत नाही, या गृहीतावर तीस वर्षं काढल्यावर कळलं की डोळ्याने पहिल्या तासापासून दखल घेतली होती.

पेशींचा असा पडदा आलाच तर करायचं काय, याचं उत्तर पॅरिसच्या दानिएल आरों-रोझा आणि बर्नचे फ्रान्झ फांकहाउझर यांनी 1980च्या सुमारास दिलं. यॅग लेझरचे अतिसूक्ष्म ठोके देऊन पिशवीच्या मागच्या भिंतीत खिडकी पाडायची. चिरा नाही, रक्त नाही, काही मिनिटांचं काम. माझ्या वडिलांना शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षांनी पुन्हा अंधूक दिसू लागलं, तेव्हा ते वर्षभर कोणालाच काही बोलले नाहीत. वय झालं, आता एवढंच दिसायचं, अशी त्यांनी समजूत करून घेतली होती. लेझर झाल्यावर घरी येताना त्यांनी रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या मोठ्याने वाचल्या. तुमच्या घरात असं गप्प बसलेलं कोणी असेल तर त्यांना एकदा पुन्हा तपासायला न्या. हा पडदा औषधाने जात नाही, पण लेझरने जातो.

*

आलेला पडदा लेझरने फाडता येतो, येणारा पडदा अडवता येत नाही. शिवाय लेझरचं यंत्र महाग, आणि खेड्यातल्या शिबिरात शस्त्रक्रिया झालेला माणूस तीन वर्षांनी पुन्हा शहरात येईलच असं नाही. पडदा मुळातच येऊ नये, याचा शोध ज्यांच्यामुळे लागला त्यांत डेव्हिड ॲपल यांचं नाव मी सगळ्यांत आधी घेईन. ते विकृतिशास्त्राचे डॉक्टर, म्हणजे मेलेल्या ऊतींतून जिवंतांच्या आजारांची कारणं शोधणारे. 1980च्या दशकात आधी सॉल्ट लेक सिटीत आणि मग चार्ल्सटनमध्ये त्यांनी एक विलक्षण संग्रह उभा केला. भिंग बसवलेली माणसं वारली की अमेरिकेतल्या नेत्रपेढ्यांकडून त्यांचे डोळे ॲपल यांच्याकडे येत. डोळा मध्यावर कापून पुढचा अर्धा भाग ते मागच्या बाजूने बघत. ही मागून बघण्याची युक्ती जपानच्या नागोया शहरातले केन्साकू मियाके यांची, म्हणून तिला दोघांचं नाव आहे. जिवंतपणी डॉक्टरला बाहुलीच्या भोकातून जे दिसत नाही, ते सगळं यातून उघडं पडतं. भिंग पिशवीत आहे की अर्धं बाहेर, तारा कुठे टेकल्या आहेत, मोती कोणत्या वाटेने आले.

असे हजारो डोळे पाहिल्यावर चित्र स्पष्ट झालं. दोन्ही तारा पिशवीच्या आत असतील, पुढच्या भिंतीतलं गोल भोक भिंगापेक्षा थोडं लहान असेल आणि कडेचा गर नीट धुतला असेल, तर पडदा कमी येतो. हॉवर्ड गिंबेल आणि थॉमस नॉयहान यांनी 1980च्या दशकातच पिशवीला अखंड गोल भोक पाडण्याची रीत बसवली होती. तिचं खरं मोल आता पटलं.

मग 1990च्या दशकात ॲक्रिलिकचं घडी घालता येणारं नवं भिंग बाजारात आलं आणि त्या डोळ्यांत पडदा फारच कमी येतो असं दिसलं. सगळ्यांनी श्रेय पदार्थाला दिलं. फिनलंडच्या रेयो लिनोला यांनी त्याला आधारही दिला. हे ॲक्रिलिक फायब्रोनेक्टिनसारख्या प्रथिनांच्या गोंदाने पिशवीला चिकटतं आणि मधे पेशींचा एकच थर अडकून पडतो, त्याला वाढायला जागा उरत नाही, असं त्यांनी मांडलं. ओसाकाच्या ओकिहिरो निशी यांना मात्र भिंगाच्या कडेचा संशय आला. या भिंगाची कड चौकोनी, टोकदार होती. जुन्या पर्स्पेक्सच्या भिंगांना घासून गोल, गुळगुळीत कड देत, कारण डोळ्याला धार सोसत नाही हा रिडलींच्या काळापासूनचा धडा होता. निशींनी सशांच्या डोळ्यांत सरळ परीक्षा घेतली. पर्स्पेक्सला टोकदार कड दिली, तर पेशी अडल्या. ॲक्रिलिकची कड गोल केली, तर पेशी आत शिरल्या. पदार्थाचा वाटा होता, पण निर्णायक गोष्ट कड होती.

कारण समजायला शेताचा बांध डोळ्यासमोर आणा. मागची भिंत टोकदार कडेवरून ताणली जाते तिथे तिला काटकोनी मोड पडतो. सरकत आलेल्या पेशी त्या मोडापाशी एकमेकींना दाटीने भिडतात, आणि दाटी झाली की पेशी वाढणं थांबवतात. हा त्यांचा स्वतःचाच नियम आहे. त्यांना मारावं लागलं नाही, विष घालावं लागलं नाही. त्यांच्याच स्वभावाने त्यांना बांधावर थांबवलं. परितारिकेला टेकलेली जी धार डोळा नासवत होती, तीच पिशवीच्या आत, मागच्या बाजूला, डोळ्याची राखण करू लागली. पडद्याचं प्रमाण चांगल्या शस्त्रक्रियेत दहा टक्क्यांच्या खाली आलं.

आपल्याकडे हे सगळं पोचायला वेळ लागला आणि त्याचं कारण आता सांगता येतं. आजीच्या वेळी शिबिरांमध्ये भिंग पिशवीसकट ओढून काढत. ते जलद होतं, सूक्ष्मदर्शकाशिवाय जमायचं आणि मागे पेशी राहत नसल्याने पडदाही येत नसे. पण पिशवीच नाही तर भिंग ठेवणार कशात? ती पद्धत बदलण्यासाठी सूक्ष्मदर्शक हवं होतं, सर्जनांचं नवं शिक्षण हवं होतं आणि स्वस्त भिंग हवं होतं. 1992 मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने भिंगं बनवणारी ऑरोलॅब सुरू केली आणि एरवी परदेशातून महागात येणारं भिंग सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं. 1990च्या दशकाच्या मध्यात जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. त्यात महाराष्ट्र होता. जिल्हा रुग्णालयांत सूक्ष्मदर्शकं आली आणि जाड चष्म्यांची पिढी हळूहळू संपली. माझी आजी त्याआधीच गेली.

रिडलींना उशिरा का होईना, न्याय मिळाला. 1986 मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतलं. त्यांच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत भिंगं बसली, तीही सेंट थॉमस रुग्णालयातच. 2000 मध्ये, वयाच्या 93व्या वर्षी, ते सर झाले आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात वारले. वैमानिक क्लीव्हरलाही 1987 मध्ये वाचलेल्या डोळ्यात भिंग बसवलं गेलं. ॲपल यांनी रिडलींचं चरित्र लिहिलं.

माझे वडील गेले त्या रात्री नेत्रपेढीला फोन करताना माझा हात अडखळला होता. दोन्ही डोळ्यांत भिंगं, एकात लेझरची खिडकी. हे डोळे त्यांना चालतील का? पलीकडच्या माणसाने शांतपणे सांगितलं, चालतील. प्रत्यारोपणाला पारपटल लागतं, आतलं भिंग आड येत नाही. आणि पारपटल वापरता आलं नाही तरी डोळा अभ्यासाला उपयोगी पडतो. ॲपल यांच्या टेबलावर आलेले ते हजारो डोळे अशाच घरांतून आले होते, कोणीतरी रात्री फोन उचलला म्हणून.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला नेत्रदान करता येतं. चष्मा असलेल्याला, मधुमेह असलेल्यालाही करता येतं. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवा. तोवर पंखा बंद करा, डोक्याखाली उशी ठेवा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवा.